धातू गेला कुठे, हे आधी विचार

तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याकडे जागा घेतलीस, बोअर मारलास, दोन इंची पाणी लागलं, सगळं छान. पण फोनवर म्हणालास, ‘मावशी, पाणी एकदम नितळ आहे, वाससुद्धा नाही,’ तिथे माझे कान टवकारले. भोसरीत प्लेटिंगच्या लॅबमध्ये माझी हयात गेली. गढूळ पाण्याला माणूस आपणहून भितो. गाळतो, तुरटी फिरवतो, उकळतो. क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही मंडळी पाण्यात विरघळली की डोळ्याला, नाकाला, जिभेला पत्ता लागू देत नाहीत. क्रोमियमने पाण्याला पिवळी झाक येते खरी, पण ती दिसेपर्यंत पिण्याची हद्द कित्येक पटींनी ओलांडलेली असते.

तेव्हा आधी हे कानात ठेव. जंतू मरतो, धातू मरत नाही. तो फक्त जागा बदलतो. पाणी शुद्ध करून देतो म्हणणारा कुणीही दारात आला, यंत्र विकणारा असो, कन्सल्टंट असो की मोबाईलवर वाचून आलेला तुझा मित्र, त्याला एकच विचारायचं: धातू गेला कुठे? उत्तर देता आलं तर बसव, चहा पाज. नाही आलं तर उन्हाचा आलाय म्हणून नुसतं पाणी दे आणि वाटेला लाव.

हाच प्रश्न घरातल्या उपायांनाही विचार. उकळलंस तर जंतू मेले, पाण्याची थोडी वाफ झाली आणि धातू पातेल्यातच राहिला, उरलेल्या पाण्यात उलट जरा दाट होऊन. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलंस तर तांबं जंतूंवर चालतं, शिशावर नाही. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, पण विरघळलेल्या धातूला त्या उजेडाचं काय? कँडलच्या आणि यूएफच्या जाळीतून विरघळलेला धातू पाण्याबरोबर सरळ पलीकडे जातो. आरओचा पडदा मात्र यातला बराचसा धातू खरोखर अडवतो. त्याच्याकडे मी पुढे येते, कारण तिथेही ‘गेला कुठे’चं उत्तर मोरीत सापडतं.

आता भीती कशाची धरायची ते. तू आर्सेनिक, आर्सेनिक करतो आहेस. आर्सेनिक मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या जमिनीतलं दुखणं. तिथे ते माणसाने ओतलेलं नाही, हिमालयातून आलेल्या गाळातच बसलेलं आहे. जमिनीखाली प्राणवायू संपला की लोखंडाचा गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी हातापायाच्या तळव्यांवर गाठी आलेले रोगी पहिल्यांदा ओळखले. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेला छत्तीसगडचा अंबागड चौकी भाग. कौडीकसा गावाचं पाणी त्यासाठी बदनाम आहे, पण तिथला दगडच वेगळा. तळेगाव बसलंय काळ्या फत्तरावर, ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या थरांवर. हा दगड पाणी जड करतो, किटलीत पांढरा थर बसवतो, आणि बायका त्या थरालाच घाबरतात. तो चुना आहे, त्याने फारतर डाळ शिजायला वेळ लागतो. आर्सेनिक एकदा तपासून घे, मनाची शांती म्हणून. पण इथे डोळा ठेवायचा तो माणसाने आणलेल्या धातूंवर.

ते येतात कुठून, हे तुला वाहनाचे सुटे भाग सांगतील. चाकण, तळेगाव, भोसरीत जो स्क्रू, जो ब्रॅकेट, जो शॉकअपचा रॉड गाडीला लागतो, तो कुठे ना कुठे झिंक, निकेल किंवा क्रोमच्या बाथमध्ये बुडून आलेला असतो. मोठ्या कंपनीच्या गेटवर सांडपाण्याची यंत्रणा झकास चालते. पण काम उतरत उतरत जॉबवर्क करणाऱ्या चार गाळ्यांच्या शेडपर्यंत जातं, आणि तिथे फरशीला एक तडा गेलेला असतो. त्या तड्यातून रोज चमचाभर गेलं तरी वर्षाचं काय होतं, हिशेब कर. सगळे चोर नाहीत हेही सांगते. नेमाने स्लज पाठवणारे छोटे मालक मी पाहिलेत. पण तुझ्या बोअरला मालकाचा स्वभाव कळत नाही.

तपासणीत लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून नीट ऐक. ‘पाणी तपासून द्या’ एवढंच म्हणालास तर लॅब तुला कडकपणा, क्लोराईड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म देईल. धातू त्यात नसतात. नाव घेऊन सांगायचं: शिसं, कॅडमियम, निकेल, आर्सेनिक, पारा, एकूण क्रोमियम, आणि वेगळं लिहून, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. एनएबीएल मान्यता त्या त्या तपासणीला आहे का तेही विचार. आपल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, तिथेही चौकशी कर.

नमुना घेताना पंप पंधरा-वीस मिनिटं चालू दे, म्हणजे पाइपात उभं राहिलेलं पाणी निघून जाईल. नमुना बोअरच्या तोंडाशी घे, गच्चीवरच्या टाकीतून नको. लॅबवाले धातूंसाठी जी प्लास्टिकची बाटली देतात, तिच्या तळाशी नायट्रिक आम्लाचे थेंब असतात. आपली सवय अशी की बाटली दिसली की आधी विसळायची. विसळलीस की आम्ल गेलं, आणि लॅबपर्यंत पोचेतो धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसला. रिपोर्ट मात्र सुंदर येणार. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं उलटं. त्याला आम्ल चालत नाही, कारण आम्लात त्याचं रूप बदलतं. त्याची बाटली वेगळी, कोरडी, बर्फाच्या डब्यातून, आणि एका दिवसात लॅबमध्ये.

रिपोर्ट आला की दोन गोष्टी बघ. एक, आकडा कशात आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२, एकूण क्रोमियम ०.०५ अशी हद्द आहे. हेच मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं की १०, १०, ३, २०, ५० होतं. दुसरी गोष्ट ‘बीडीएल’. म्हणजे यंत्राला सापडलं नाही. पण यंत्राला कितीपर्यंतचं सापडतं? शिशाची हद्द ०.०१ आणि यंत्र ०.०५ च्या खालचं बघूच शकत नसेल, तर त्या बीडीएलचा अर्थ शून्य. डिटेक्शन लिमिटचा रकाना रिकामा असलेला रिपोर्ट मी परत करते, तूही कर.

आणि तो टीडीएसचा पेन. सोसायटीत एक जण खिशात घेऊनच फिरतो. तो पेन पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, तोही लिटरमागे पाचशे, सातशे मिलिग्रॅमच्या भाषेत. शिशाचा धोका मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात सुरू होतो. पेनच्या काट्याला त्याची चाहूलही लागत नाही. टीडीएस दीडशे म्हणून टँकर चांगला आणि आठशे म्हणून विहीर वाईट, असला न्याय करू नकोस.

मग येतो दारावरचा जादूगार. दोन पेल्यांत पाणी घेतो, एक तुझ्या नळाचं, एक त्याच्या आरओचं. दोन्हीत विजेच्या सळया बुडवतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, मग हिरवट-काळं, वर साका तरंगतो. ‘बघा ताई, हे तुम्ही पिता.’ ताईचा चेहरा उतरतो आणि तो पावतीपुस्तक काढतो. तो साका पाण्यातला नसतोच. सळई लोखंडाची असते, विजेने तीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज वाहत नाही, म्हणून ते कोरं राहतं. तू फक्त स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आण आणि त्याच्या पेल्यात टाक. पुन्हा बटण दाबायला सांग. मी हे केलेलं आहे; पुढचा संवाद फार छोटा होतो.

गंमत अशी की ज्या युक्तीने दारात फसवणूक होते, तिनेच खरं पाणी साफ करणारा माणूस आपल्या मुंबईत जन्मलेला आहे. अशोक गाडगीळ, बर्कलीचे शास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने पोलादी पट्ट्यांमधून हलकी वीज सोडून मुद्दाम गंज तयार केला. त्या क्रियेत आर्सेनिकचं निसटतं रूप आधी चिकट रूपात बदलतं आणि गंजाच्या कणांना जाऊन बसतं. मग तुरटीने ते कण खाली बसवायचे आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. पश्चिम बंगालमध्ये दक्षिण चोवीस परगण्यात धपधपी इथल्या शाळेत जादवपूर विद्यापीठाच्या साथीने त्यांनी दिवसाला १०,००० लिटरचं यंत्र उभं केलं, २०१६ च्या सुमारास. लिटरमागे अडीचशे मायक्रोग्रॅमच्या आसपास असलेलं आर्सेनिक दहाच्या बरंच खाली आलं. आणि धातू गेला कुठे याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: गाळात. त्या गाळाचं काँक्रीटमध्ये काय करता येईल, यावरही काम झालं. म्हणून मी त्यांना मानते.

निसटतं रूप म्हणजे काय तेही ऐकून ठेव, कुणी फिल्टर विकायला आला तर कामी येईल. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. एकावर विद्युतभार असतो, ते लोखंडाला, ॲल्युमिनाला पटकन धरतं, आरओतही अडकतं. दुसऱ्यावर साध्या पाण्यात भारच नसतो, ते सगळ्यांच्या हातून सुटतं. म्हणून आधी क्लोरीन किंवा परमँगनेटने त्याचं रूप बदलायचं, मग धरायचं. ही पहिली पायरी सोडून दुसरीच विकणारे पुष्कळ.

आता माझा विषय, क्रोमियम. तो हेक्झाव्हॅलंट असतो तेव्हा पाण्याबरोबर जमिनीतून आरामात फिरतो आणि कर्करोगाला कारण ठरतो. ट्रायव्हॅलंट झाला की सुस्तावतो, हिरव्या गाळात बसतो. सगळा खेळ त्याला सहावरून तीनवर आणण्याचा. आमच्या टाकीत पिवळं-नारिंगी रिन्सचं पाणी यायचं. सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाईट सोडायचं. विझलेल्या काडीसारखा वास घशात जायचा, आणि बघता बघता पिवळा रंग जाऊन निळसर हिरवा यायचा. नवीन पोरं तिथेच खूश होऊन थांबायची. मी थांबू द्यायची नाही. चमचाभर पाण्यात आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे दोन थेंब टाकायचे. गुलाबी-जांभळा आला की समजायचं, अजून शिल्लक आहे. तो रंग येईनासा झाला की चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच साडेआठपर्यंत चढवायचा. हिरवट फुगीर कण खाली बसू लागतात, ते फिल्टर प्रेसमधून वडीसारखे निघतात. निकेलला यापेक्षा जास्त पीएच लागतो, म्हणून त्याचं पाणी वेगळं. सायनाईडच्या बाथचं पाणी तर कधीही, कधीही आम्लाच्या टाकीत नाही. तो वायू माणूस मारतो. शेडमध्ये एकच नाली असेल तर तिथे शिकलेला माणूस नाही असं समज.

मेटाबायसल्फाईट नसेल तिथे हिराकस चालतो. आम्ल न घालताही काम करतो, स्वस्त असतो, पण गाळ खूप होतो. आणि गाळाची वडी शेतात, नाल्यात, रस्त्याच्या भरावात गेली तर सगळी मेहनत वाया. ती रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात, मॅनिफेस्टच्या कागदासह जायला हवी, आणि नियमाप्रमाणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ आवारात ठेवता येत नाही. शेजारच्या शेडवाल्याशी ओळख झाली की हा कागद सहज म्हणून विचार. चेहऱ्यावरून कळेल.

टाकीतलं पाणी साफ करणं सोपं, जमिनीखालचं महाकठीण. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचं नाव एरिन ब्रॉकोविचच्या सिनेमामुळे तू ऐकलं असशील. तिथे गॅस कंपनीच्या केंद्राने कूलिंग टॉवरमधलं क्रोमियम १९५२ ते १९६६ जमिनीत सोडलं. १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि साफसफाई त्यानंतरही दशकानुदशकं चालूच राहिली. तिथे त्यांनी जमिनीखाली अल्कोहोल सोडलं, म्हणजे जिवाणूंना खाऊ मिळतो, ते प्राणवायू संपवतात आणि क्रोमियम सहावरून तीनवर येतो. काही ठिकाणी यासाठी साखर कारखान्याची मळीही वापरतात. नॉर्थ कॅरोलिनात एलिझाबेथ सिटीला एका जुन्या क्रोम प्लेटिंग शॉपच्या फरशीखालून गळती झाली होती. तिथे १९९६ मध्ये ४६ मीटर लांब, सात मीटरहून खोल चर खणून त्यात लोखंडाचा भुगा भरला. भूजल त्या भिंतीतून झिरपत जातं आणि क्रोमियम तिथेच बसतो. पंप नाही, वीज नाही. मला हा उपाय फार आवडतो.

पण आपल्याकडे तो तसाच्या तसा उतरत नाही. तिथे वाळू आहे, पाणी सगळीकडून सारखं झिरपतं. इथे मुरूम संपला की फत्तर, आणि फत्तरात पाणी भेगेने चालतं, दोन थरांच्या सांध्यातून चालतं. म्हणून शेजाऱ्याचा बोअर वीस पावलांवर असून स्वच्छ आणि तुझा खराब, असं होऊ शकतं, उलटही. चर कुठे खणणार? ती भेग कुठे वळते हे भूजलवैज्ञानिकाने आधी शोधावं लागतं. तेव्हा ‘माझ्याकडे औषध आहे, बोअरमध्ये ओततो, पाणी साफ होईल’ म्हणणाऱ्याला फाटकातच थांबव. जमिनीखालचं काम एकट्या प्लॉटवाल्याचं नाही. ज्याने घाण केली त्याने खर्च करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानच्या बिछडी गावाच्या निकालात ठासून सांगितलं आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं, आणि तिथे भावनांपेक्षा तारखेसकट रिपोर्ट जास्त बोलतो.

झाडांचं तुला वेड आहे म्हणून सांगते. जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारा एक नेचा, टेरिस व्हिटाटा, आर्सेनिक शोषून पानांत साठवतो हे २००१ मध्ये फ्लोरिडात लीना मा यांच्या गटाने दाखवलं. छान आहे. पण मग धातू गेला कुठे? नेच्यात. तो कापून पालापाचोळ्यात टाकलास की पुन्हा तुझ्याच मातीत. हेच इंद्रायणी-पवनेच्या जलपर्णीचं. ती नदीतले धातू मुळांत ओढून घेते. फुकट मिळते म्हणून ट्रॉलीभर आणून वाफ्यावर आच्छादन घालू नकोस, गुरांना तर नकोच.

बोअरचं पाणी खराब निघालं तर त्याच्याशी झुंजत बसू नकोस, पिण्यासाठी दुसरं पाणी धर. नगरपालिकेचं मिळत असेल तर ते, नाहीतर पावसाचं. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर होतात, आणि मावळात पावसाची कमी नाही. पहिल्या सरींचं पाणी सोडून दे, मग टाकीत घे. हेच छपराचं पाणी बोअरमध्ये मुरवायचं असेल तर फक्त छपराचं. पार्किंगचं, रस्त्याचं पाणी बोअरच्या तोंडाशी नेणाऱ्या सोसायट्या मी बघते तेव्हा कपाळाला हात लावते. आरओ लावलास तर एक लिटर प्यायला मिळतं तेव्हा दोन-तीन लिटर मोरीत जातं, आणि अडवलेला धातू त्यात असतो. त्याने फरशी पूस, संडासात टाक. कणीक मळू नकोस, पालक-मेथीला घालू नकोस, कारण पालेभाजी कॅडमियम चटकन उचलते. सकाळी पहिलं पाणी थोडं वाहू दे, नळाच्या पितळेतलं आणि जुन्या पाइपातलं शिसं रात्रभर उभ्या पाण्यात उतरतं. आणि आईच्या पितळी पातेल्यांना कल्हई लावशील तेव्हा कथील डोळ्यासमोर वापरायला लाव. कथिलात शिसं मिसळलं की काम स्वस्त होतं.

तुझ्या जागेत मागच्या मालकाचा कोरडा बोअर आहे म्हणालास. तो आधी बुजवून घे: तळापासून चिकणमाती, वर सिमेंट, आणि तोंडाला वेल्ड केलेलं झाकण. उघडा बोअर दिसला की रात्री टँकर लावून त्यात काय काय सोडणारे लोक या पट्ट्यात आहेत, आणि तिथून ते भेगेने तुझ्या पिण्याच्या पाण्यात यायला कुणाची परवानगी लागत नाही. कधी तसा टँकर दिसलाच तर भांडायला एकटा जाऊ नकोस. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेव, लांबून फोटो घे, सकाळी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार दे आणि पोच घे.

पहिला नमुना मे महिन्यात घेऊ, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा, दुसरा दिवाळीनंतर. मी येते बरोबर. लॅबमधून दोन्ही बाटल्या तू आण, बर्फाचा डबा माझ्याकडे आहे.